स्पीडब्रेकर कॅमेऱ्याला कधी दिसतो? हडपसर–नीरा मार्गाच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

काम असं: चालत्या गाडीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं फुटेज घेऊन स्पीडब्रेकर ओळखणारं मॉडेल शिकवायचं, आणि त्यासाठी लागणारी लेबलं (कुठल्या फ्रेममध्ये स्पीडब्रेकर कुठे आहे त्या खुणा) हाताने न रेखाटता शक्यतो फुटेजमधूनच काढायची. मार्ग हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, पुढे नीरा–बारामती. या पट्ट्यात सगळे नमुने मिळतात: ताजे काळे-पांढरे पट्टे मारलेले, रंग उडून डांबराच्याच रंगाचे झालेले, आणि अपघातानंतर गावाने एका रात्रीत घातलेले, ज्यांना ना फलक ना माप.

तयार डेटासेट का पुरत नाहीत ते लिहून ठेवू. हैदराबादच्या ट्रिपलआयटीचा 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट' २०१८चा. हैदराबाद-बंगळूर परिसरातल्या १८२ फेऱ्या, १०,००४ फ्रेम, ३४ वर्ग. रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे, जनावरांना आहे, रस्त्याकडेच्या मातीच्या पट्टीलाही आहे. स्पीडब्रेकरला नाही, तो 'रस्ता' या वर्गातच विरघळतो. बर्कलीच्या बीडीडी१००के मध्ये ४० सेकंदांच्या एक लाख क्लिप आहेत, पण अमेरिकी रस्त्यांच्या, आणि प्रतिमेची मुख्य लेबलं प्रत्येक क्लिपच्या दहाव्या सेकंदाच्या एकाच फ्रेमवर.

आपली युक्ती साधी आहे. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की उडते आणि ती उडी आयएमयूत (हालचाल आणि फिरणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) उमटते. त्या क्षणापासून फुटेज उलटं चालवायचं: तीन सेकंद आधीच्या फ्रेममध्ये हाच स्पीडब्रेकर कुठे होता, हे वेग आणि कॅमेऱ्याची भूमिती यांवरून मोजता येतं. चालत्या गाडीला पुढचं माहीत नसतं, रेकॉर्ड केलेल्या फुटेजला असतं. टेस्लाने ऑगस्ट २०२१च्या कार्यक्रमात आठ कॅमेऱ्यांच्या क्लिपांवर आपोआप लेबलं काढण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभाही हाच: मागच्यापुढच्या सगळ्या फ्रेम हाताशी असल्यावर उत्तर शोधा आणि ते आधीच्या फ्रेमला शिकवा.

९ ऑक्टोबर

ओळखीच्या गाड्यांमधलं डॅशकॅम फुटेज जमवून तपासलं. पाहायला उत्तम, मोजायला जवळपास निरुपयोगी. कारणं:

'३० फ्रेम' लिहिलेलं फुटेज प्रत्यक्षात ३० नसतं. अंधार पडला की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो, खऱ्या फ्रेम कमी होतात आणि फाइलीत तीच फ्रेम दोनदा भरली जाते. पकडायला सोपं आहे. फ्रेमनिहाय पॅकेटचा आकार छापून पाहायचा: हलत्या रस्त्यावर एखादं पॅकेट अचानक काहीशे बाइटचं दिसलं तर ती फ्रेम नक्कल आहे.

स्थिरीकरण सुरू असतं. गाडी स्पीडब्रेकरवर वर-खाली होते तेव्हा सॉफ्टवेअर फ्रेम उलट दिशेला सरकवून चित्र शांत ठेवतं. आपल्याला हवी आहे नेमकी तीच हालचाल. मेनूत बंद करता येत नसेल तर तो कॅमेरा बाद.

फाइल एक किंवा तीन मिनिटांच्या तुकड्यांत असते आणि दोन तुकड्यांच्या मधल्या काही फ्रेम गळतात. शिवाय चावी काढताच वीज गेली तर शेवटच्या एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि फाइल उघडत नाही. म्हणून ट्रान्सपोर्ट स्ट्रीम किंवा एमकेव्हीमध्ये लिहिणारा कॅमेरा बरा.

घड्याळ. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चुकणारा) स्फटिक दिवसाला १.७ सेकंद चुकतो. ४० किमी वेगाला एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते. फ्रेमवर छापलेली वेळ सेकंदापर्यंतच असते, म्हणजे ११ मीटरची अनिश्चितता फुकटात.

शेवटचं म्हणजे रोलिंग शटर. सेन्सर वरची ओळ आधी आणि खालची शेवटी वाचतो. किती वेळात, ते मोजायला ५०० हर्ट्झने लुकलुकणारा एलईडी पांढऱ्या कागदाच्या मागे ठेवून चित्रण केलं. पूर्ण उंचीत उजेड-अंधाराच्या ११ जोड्या दिसल्या, प्रत्येकी २ मिलिसेकंद, म्हणजे वाचायला २२ मिलिसेकंद. गाडीचं नाक सेकंदाला अर्धा रेडियन या दराने झुकत असेल तर १००० पिक्सेल फोकल लांबीला एकाच फ्रेममध्ये ११ पिक्सेलचा ताण पडतो. स्पीडब्रेकर स्वतःच तेवढ्या उंचीचा दिसतो, ते पुढे येईलच.

निर्णय: डॅशकॅम फुटेज फक्त मॉडेलच्या चाचणीला. लेबलांसाठी स्वतःचं यंत्र बांधायचं.

१४ ऑक्टोबर: लेन्स

सेन्सर आयएमएक्स२९६, ग्लोबल शटर (सगळ्या ओळी एकदम टिपणारं), १४५६ × १०८८, एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉन. ४ मिमी लेन्सला फोकल लांबी सुमारे ११६० पिक्सेल, आडवा कोन ६४ अंश. पहिल्या विचारात एवढं पुरेसं वाटलं. मग आकडे मांडले.

सपाट रस्त्यावर क्षितिजरेषेखाली वस्तू किती पिक्सेलवर दिसेल, ते फोकल लांबी गुणिले कॅमेऱ्याची उंची भागिले अंतर. कॅमेरा १.२८ मीटरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ नुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा असतो. ताशी २५ किमीने ओलांडता यावा असा. तो २० मीटरवर असताना प्रतिमेत जेमतेम १२ पिक्सेल जाडीची पट्टी होते. ४० मीटरवर ३ पिक्सेल.

आता गाडीची बाजू. ताशी ६० वरून २५ वर यायचं आणि प्रवाशाचं डोकं पुढच्या सीटवर आपटू द्यायचं नसेल (मंदन २ मीटर प्रति सेकंद वर्ग), तर ५७ मीटर लागतात. जरा करकचून, ३ ने, तरी ३८. म्हणजे ज्या अंतरावर दिसायला हवा तिथे तो तीन ओळींचा आहे. कुठलंही मॉडेल लावा, तीन ओळींतून रंग उडालेला स्पीडब्रेकर निघणार नाही.

म्हणून दोन कॅमेरे: ४ मिमी जवळच्यासाठी, ८ मिमी लांबच्यासाठी. दुसऱ्यात ४० मीटरवर सव्वासहा पिक्सेल मिळतात. पाहण्याचा कोन ३५ अंशांवर येतो, वळणावर रस्ता चौकटीबाहेर जातो, पण त्या वळणावर कोणी ६० ने जातही नाही.

(आयआरसीचं माप हे कागदावरचं. गावाने घातलेल्या स्पीडब्रेकरची रुंदी अनेकदा मीटरच्या आत असते, त्याला ८ मिमीही अपुरी.)

२७ ऑक्टोबर: जोडणी

दिवाळीनंतर काम पुढे. सुटे भाग: रास्पबेरी पाय ५ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्याचे दोन ग्लोबल शटर कॅमेरे, एनव्हीएमई एसएसडी, रास्पबेरी पाय पिको (मायक्रोकंट्रोलर), यू-ब्लॉक्स निओ-एम८एन जीपीएस, एमपीयू-६०५० आयएमयू.

दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर पिकोच्या पल्सवर चालतं आणि पिकोचे पल्स जीपीएसच्या दर सेकंदाच्या पीपीएस ठोक्याला बांधलेले आहेत. प्रत्येक सेकंदाची पहिली फ्रेम बरोबर ठोक्यावर. यासाठी कॅमेरा बोर्डवरचा आर११ रेझिस्टर काढावा लागतो आणि एक्सटीआर (बाहेरून ट्रिगर देण्याच्या) बिंदूवर तार झाळावी लागते. तिथे १.८ व्होल्टच्या वर जायचं नाही, पिकोचे ३.३ व्होल्ट थेट जोडले तर सेन्सर जाईल. १.५ आणि १.८ किलोओहमचा विभाजक बरोबर १.८ व्होल्ट देतो. या मोडमध्ये एक्स्पोजर सॉफ्टवेअरमधून ठरत नाही: पल्स जितका वेळ खाली, तितकं एक्स्पोजर, अधिक १४.२६ मायक्रोसेकंद. ड्रायव्हरचा ट्रिगर मोड १ करायला विसरलं की कॅमेरा बिनतक्रार आपल्या लयीत चालत राहतो आणि फ्रेम येत राहतात, हे धोक्याचं. तपासणी: पिको बंद करा, तरीही फ्रेम येत असतील तर मोड लागलेला नाही.

पाय ५ मध्ये एच.२६४चा हार्डवेअर एन्कोडर नाही. कच्च्या फ्रेम ८ बिटमध्ये लिहिल्या तर दोन कॅमेरे मिळून सेकंदाला ९५ एमबी, तासाला ३४० जीबीच्या वर. जेपीईजी, क्वालिटी ९०, एक फ्रेम साधारण ३५० केबी धरली तर तासाला ७५ जीबी. एक टेराबाइटमध्ये १३ तास. तेच ठेवलं, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने मागे-पुढे उड्या मारणंही सोपं जातं.

वीज: सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर पुरत नाही, पायला ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप घेऊन १२ ते ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर लावला. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो आणि पाय रीस्टार्ट होतो, म्हणून इंजिन सुरू झाल्यावरच यंत्र चालू करायचं.

आयएमयू डॅशबोर्डवर चिकटवू नये. प्लास्टिक स्वतःच्या लयीत थरथरतं आणि एसीचा पंखाही त्यात मिसळतो. पुढच्या सीटच्या रुळाच्या बोल्टखाली लोखंडी पट्टी घेऊन तिच्यावर बसवला. दर २०० हर्ट्झ, फिल्टर ४४ हर्ट्झ. हा फिल्टर ४.९ मिलिसेकंद उशीर करतो, तो वेळेतून वजा.

२९ ऑक्टोबर: कॅलिब्रेशन

कॅमेऱ्याची नेमकी मापं काढायला बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना, ९ × ६ आतले कोपरे, ३५ मिमी चौकोन, ए३ वर. झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' चालू राहिलं आणि चौकोन ३३.९ मिमीचे आले. फोकल लांबी पिक्सेलमध्ये निघते, तिला याने फरक पडत नाही. पण कॅमेरा किती उंचीवर आणि किती मागे, हे काढताना सगळं तीन टक्क्यांनी चुकतं. पट्टी लावून मोजल्याशिवाय फाइलीतला आकडा वापरू नये.

कागद पुठ्ठ्यावर चिकटवला तेव्हा रीप्रोजेक्शनची चूक (गणिताने आलेला कोपरा आणि चित्रात दिसणारा कोपरा यांतला फरक) १.४ पिक्सेल. तोच कागद साइनबोर्डवाले वापरतात त्या एसीपी शीटवर लावला, ०.३ वर आली. पुठ्ठा मधोमध दोन मिलिमीटर फुगला होता, डोळ्यांना अजिबात दिसत नव्हता.

कॅमेरा काचेमागे बसवूनच कॅलिब्रेशन करायचं, टेबलावर नाही. पुढची काच तिरकी आणि वक्र असते, किरण सरकतात. ४ मिमीचं उत्तर: ११६८ पिक्सेल.

फोकस रिंगचा लॉक स्क्रू घट्ट आवळून वर नेलपॉलिशचा थेंब. खराब रस्त्यावर रिंग फिरते. फोकस बदलला की फोकल लांबीही बदलते.

३ नोव्हेंबर: नाक वर, नाक खाली

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. गाडीत फक्त चालक असताना क्षितिजरेषा नोंदवली. मागे तिघं आणि डिकीत सामान ठेवून पुन्हा नोंदवली: नाक अर्ध्या अंशाने वर. अर्धा अंश म्हणजे १० पिक्सेल. ४० मीटरवरची वस्तू क्षितिजाखाली ३७ पिक्सेलवर असते. त्यातून १० गेले तर गणित म्हणतं ५५ मीटर, १० मिळाले तर ३१. २० मीटरवर तीच चूक १७.६ ते २३ मीटर इतकी.

म्हणून प्रत्येक फेरीआधी: टायरची हवा, माणसं किती, टाकी किती भरलेली, हे लिहायचं, आणि सरळ सपाट रस्त्यावर एक मिनिट एका वेगाने जाऊन रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळतात तो बिंदू काढून ठेवायचा. हडपसरहून निघाल्यावर घाटाआधीचा सरळ तुकडा यासाठी धरला आहे.

७ नोव्हेंबर: काच

दुपारच्या फेरीत रस्त्याच्या मधोमध एक फिकट त्रिकोणी डाग, प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. तो डॅशबोर्डवरचा गणपती होता. पितळी मूर्तीचं काचेतलं प्रतिबिंब. मॉडेलच्या दृष्टीने हा सतत गाडीसमोर चालणारा अडथळा. मूर्ती हलवायला गाडीमालक तयार नव्हते, आणि गरजही पडली नाही: डॅशबोर्डवर काळं मखमली कापड, लेन्सभोवती काचेला टेकणारी काळ्या फोमची टोपी. पोलरायझर लावूनही प्रतिबिंब जातं, पण तो निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, संध्याकाळी एक्स्पोजर दुप्पट करावं लागतं.

बारामतीहून नीरेकडे येताना रस्ता पश्चिमेकडे आहे. साडेपाचनंतर सूर्य थेट समोर. त्या वेळचं फुटेज टाकून द्यायचं नाही, वेगळी खूण करून ठेवायचं. चाचणीला तेच सगळ्यात मोलाचं.

११ नोव्हेंबर: उडी ओळखणं

पहिली पूर्ण फेरी. स्पीडब्रेकरची आयएमयूतली सही ठळक असते: आधी पुढची चाकं, मग मागची, असे दोन ठोके. गाडीचा व्हीलबेस २.४५ मीटर, ताशी १५ किमीला दोन ठोक्यांत ०.५९ सेकंदाचं अंतर. उलट वापरलं तर हा वेगाचा स्वतंत्र ताळाच झाला. जीपीएसच्या वेगाशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर दोन ठोके एकाच स्पीडब्रेकरचे नाहीत. (ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या निदान सॉकेटमधून मिळणारा, वेग वापरत नाही, तो पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, आणि उशिरा.)

गोंधळ घालणारे:

खड्डा. एकच बाजू आपटते, त्यामुळे गाडी कुशीवर डोलते. आयएमयूतल्या जायरोच्या (फिरण्याचा दर मोजणाऱ्या भागाच्या) आडव्या अक्षावरचं पिच (नाक वर-खाली होणं) जास्त की लांबीच्या अक्षावरचं रोल (कुशीवर डोलणं), यावरून बहुतेक वेळा वेगळा पडतो. दोन्ही चाकं पकडणारा आडवा खड्डा मात्र फसवतो.

रम्बलर पट्टे. समान अंतरावर ठोक्यांची माळ. पण माळेच्या शेवटी खरा स्पीडब्रेकर असतो, म्हणून सगळी माळ खोडली तर तोही जातो.

पुलाचे सांधे. तीक्ष्ण, बारीक ठोका. पिच जवळपास शून्य.

आणि उभी गाडी. सिग्नलला दार आपटलं तरी ठोका येतो. ताशी ५ किमीखालचं सगळं गाळलं.

१७ नोव्हेंबर: उलटं प्रक्षेपण

पुढच्या चाकाचा ठोका शून्य क्षण धरला. कॅमेरा पुढच्या धुऱ्याच्या ०.९ मीटर मागे, म्हणून त्या क्षणी स्पीडब्रेकर कॅमेऱ्यापुढे ०.९ मीटर. तिथून मागे जात वेग जोडत जायचा. जीपीएसची जागा वापरू नये, तिची चूक दोन-तीन मीटर असते. त्याच रिसिव्हरचा डॉप्लरवरून येणारा वेग मात्र फार चांगला असतो. वेगात ०.१ मीटर प्रति सेकंदाची चूक धरली तरी तीन सेकंदांत ३० सेंटिमीटर.

पहिल्या शंभरेक फ्रेमवर गणिताने आलेल्या जागी पट्ट्या काढून पाहिल्या. जवळपास सगळ्या स्पीडब्रेकरच्या अलीकडे, साध्या डांबरावर. २० मीटरवरचा स्पीडब्रेकर आणि पट्टी १६-१७ मीटरवर. वेळेत चूक असावी म्हणून आधी दोन दिवस तेच शोधलं. आयएमयूचं पिच आणि प्रतिमेची वर-खाली हालचाल एकमेकांवर सरकवून पाहिली तर फरक एका फ्रेमच्याही आत. वेळ बरोबर होती.

चूक चालकाच्या पायात होती. स्पीडब्रेकर दिसला की माणूस ब्रेक दाबतो, गाडीचं नाक पाऊण अंश खाली जातं, आणि प्रतिमेत क्षितिज १५ पिक्सेल वर चढतं. आपण पट्टी जुन्या क्षितिजापासून मोजत होतो. २० मीटरसाठी क्षितिजाखाली ७५ पिक्सेल हवे होते. वर चढलेल्या क्षितिजापासून ते ९० झाले, म्हणजे १६.६ मीटर. आकडा तंतोतंत बसला. ज्या फ्रेम आपल्याला हव्यात नेमक्या त्याच फ्रेममध्ये ही चूक होते, कारण ब्रेक स्पीडब्रेकरमुळेच दाबला जातो.

उपाय: जायरोच्या पिच दराची बेरीज करून प्रत्येक फ्रेमला स्वतःचं क्षितिज दिलं. सहा-सात सेकंदांहून लांब बेरीज केली तर जायरो वाहवत जातो, म्हणून ब्रेकआधीच्या शांत क्षणाला दर वेळी शून्य करायचं. आता पट्टी पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत स्पीडब्रेकरवर बसते. त्यापुढे ८ मिमी कॅमेऱ्यातही कधी बसते, कधी नाही.

दिवे घाटातली लेबलं पूर्ण वगळली. रस्ता सपाट आहे हे गृहीतकच तिथे नाही.

२४ नोव्हेंबर: चुकवलेले खड्डे

याच रीतीने खड्ड्यांचीही लेबलं काढता येतील असं वाटलं होतं. नाही येत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. चांगला चालक खड्डा चुकवतो. चुकवलेल्या खड्ड्याचा ठोका येत नाही, म्हणजे फ्रेममध्ये खड्डा स्पष्ट दिसतोय आणि आपली नोंद म्हणते 'रस्ता ठीक'. मॉडेल शिकेल की मोठे, ठळक खड्डे हे खड्डे नसतात, कारण तेच चुकवले जातात. उरतात ते पाणी भरलेले, नाहीतर ट्रकच्या मागून अचानक आलेले.

हिशेब: टायरची रुंदी १७५ मिमी, दोन बाजूंचे मिळून ३५ सेंटिमीटर. साडेतीन मीटरच्या लेनपैकी आपण फक्त दहा टक्के रस्ता 'तपासला'. उरलेल्या नव्वद टक्क्यांबद्दल हो किंवा नाही म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. स्पीडब्रेकरला हा प्रश्न नाही, तो रस्ताभर आडवा असतो. (कडेला फट असते, दुचाकी तिथून जातात, पट्टीची टोकं म्हणून दोन्हीकडे अर्धा मीटर आत घेतली.)

ठरलं: खड्डे सीव्हॅटमध्ये (लेबलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) हाताने. आयएमयूचा उपयोग फक्त कुठली क्लिप उघडायची हे सांगायला. त्याचबरोबर ठोका नाही पण स्टिअरिंग झटकन वळलंय, म्हणजे उभ्या अक्षावर जायरो उसळलाय, अशा क्लिपाही काढायच्या. चुकवलेले खड्डे तिथेच असतात.

२ डिसेंबर: ऊस

गाळप हंगाम सुरू आहे. नीरा–बारामती रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. हा भाग मूळ कामात नव्हता, पण फुटेज समोर असताना सोडवेना.

तयार सेगमेंटेशन मॉडेल (प्रत्येक पिक्सेल कशाचा ते सांगणारं) चालवून पाहिलं. दिवसा ट्रॅक्टर बरोबर ओळखला, मागची ट्रॉली 'झाडी'. चूक म्हणावी तर चूकही नाही, आहेच तो हिरवा पाला. चाकं लोंबत्या पाचटामागे आणि रिफ्लेक्टरही त्याच पाचटामागे. रात्री तर दिवा नसलेला एक काळपट ढीग. ४० मीटरवर अडीच मीटर रुंदीची ट्रॉली ४ मिमी कॅमेऱ्यातही सत्तरेक पिक्सेलची दिसते. स्पीडब्रेकरचे तीन पिक्सेल कुठे आणि हे कुठे. इथे कॅमेरा कमी पडत नाही, डेटासेट कमी पडतो.

उलट्या फुटेजची युक्ती इथे विनाआयएमयू चालते. ट्रॉली ओलांडताना शेजारून चाकं, जू, बांधलेली मोळी सगळं स्वच्छ दिसतं. तिथे लेबल लावून ट्रॅक मागे ओढायचा, तो अंधारातला ढीग फक्त ढीग होता त्या फ्रेमपर्यंत. लेबलिंगचे नियम: ट्रॅक्टर, पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली असे तीन चौकोन, एकच गट क्रमांक, कारण वळताना तिन्ही वेगवेगळ्या दिशांना असतात. चौकोन उसाच्या टोकांपर्यंत, ट्रॉलीच्या पत्र्यापर्यंत नाही. धडक उसालाही बसते.

रात्रीचं एक्स्पोजर १० मिलिसेकंदांवर बांधलं. त्यामागे अंधाराशिवाय आणखी एक कारण आहे: ५० हर्ट्झच्या विजेवरचे काही एलईडी सिग्नल सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १ मिलिसेकंदाचं एक्स्पोजर आणि ३० फ्रेम असतील तर दर तिसरी फ्रेम त्याच स्थितीत येते, दिवा एका फ्रेममध्ये विझलेला दिसू शकतो. २५ फ्रेमला प्रकार आणखी वाईट: फ्रेम आणि मिणमिण एका पावलात चालतात, आणि लाल दिवा कितीतरी सेकंद सलग विझलेला दिसू शकतो. १० मिलिसेकंदात एक पूर्ण आवर्तन येतं आणि प्रश्न मिटतो.

८ डिसेंबर: चेहरे आणि नंबर

लेबलिंग करणाऱ्यांकडे फ्रेम जाण्याआधी चेहरे आणि नंबरप्लेट पुसायच्या. मूळ फ्रेम एन्क्रिप्टेड डिस्कवर, एकाच ठिकाणी. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी रस्त्यावरच्या माणसांना कोणी विचारलेलं नाही.

प्लेट शोधणारं मॉडेल काय चुकवतं: दुचाकीच्या दोन ओळींच्या प्लेट, ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेले आकडे, देवनागरीतले नंबर, आणि ४१४१ चा 'दादा' किंवा ८०५५ चा 'बॉस' करून लिहिलेल्या प्लेट. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांच्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा, ठरावीक साच्याच्या) प्लेट व्यवस्थित सापडतात. बाकीच्यांसाठी वाहनाच्या चौकोनाचा खालचा तिसरा भाग धरून तिथे शोध सैल केला. जास्तीचं पुसलं गेलं तर चालेल.

चेहऱ्यांची उलटी तऱ्हा. एका चौकात चौदा चेहरे पुसले. त्यात चालणारा माणूस एक, उरलेले तेरा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे. राहू दिले.

एक सावधगिरी: पुसलेला डाग प्रत्येक वाहनावर त्याच जागी आला तर मॉडेल डागच शिकतं, 'धूसर चौकोन म्हणजे गाडी'. म्हणून चाचणीच्या फ्रेमपैकी काही न पुसलेल्या, फक्त त्याच डिस्कवर चालवायच्या.

१५ डिसेंबर: वाटणी

सराव आणि चाचणी यांच्या फ्रेम यादृच्छिक वाटल्या तर निकाल दिलखूष येतो. खोटा असतो. ३० फ्रेमच्या फुटेजमध्ये शेजारच्या दोन फ्रेम जवळपास जुळ्या. एक सरावात, दुसरी परीक्षेत. फेरीनुसार वाटणी केली तरी पुरत नाही: तोच सासवडचा स्पीडब्रेकर सहा फेऱ्यांत सहा वेळा आलेला आहे आणि मॉडेल त्याच्या शेजारची टपरी ओळखतं. रस्त्याचे एक-एक किलोमीटरचे तुकडे पाडले, जाता-येता दोन्ही दिशा एकाच बाजूला. जेजुरी ते नीरा पूर्ण चाचणीला राखून ठेवला, त्यातली एकही फ्रेम सरावात नाही.

फ्रेम वेळेने नाही, अंतराने निवडल्या: दर पाच मीटरला एक. नाहीतर सासवडच्या कोंडीत एका पीएमपी बसच्या मागच्या काचेच्या हजारो प्रती जमतात.

२२ डिसेंबर

पहिलं मॉडेल चाचणीच्या तुकड्यावर चाललं. रंगवलेले स्पीडब्रेकर लांबून सापडतात. रंग उडालेले दुपारी बाराला जवळपास कधीच नाहीत आणि सकाळी-संध्याकाळी बऱ्यापैकी: तिरक्या उन्हात उंचवट्याची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. खोट्या सूचना मुख्यतः झाडाच्या आडव्या सावलीवर, आणि ऊस सांडून चिरडलेल्या पट्ट्यावर.

हेच फुटेज वापरून 'गाडीने वेळेत ब्रेक दाबला असता का' हे तपासावं अशी सूचना आली. होणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये माणसाने ब्रेक आधीच दाबलेला आहे. आपल्या मॉडेलने दहा मीटर आधी दाबला असं मानलं तर पुढच्या प्रत्येक फ्रेमला गाडी वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेगात असती, आणि ते चित्र आपल्याकडे नाही. शिवाय नाक खाली गेलेलं दिसतं, त्यावरूनच मॉडेल 'पुढे काहीतरी आहे' हे शिकलं असण्याची शंका आहे. ती आधी तपासायची: फ्रेम जायरोनुसार सरकवून क्षितिज एका ओळीवर आणायचं आणि तेच मॉडेल पुन्हा चालवायचं. आकडे पडले तर मॉडेल स्पीडब्रेकर नाही, चालकाचा पाय वाचत होतं.

जानेवारीच्या फेरीआधी: ८ मिमी लेन्सचं कॅलिब्रेशन पुन्हा (नेलपॉलिशला बारीक तडा दिसतोय), एसएसडी रिकामी करणं, आणि चालकाला सांगून एक फेरी ब्रेक न लावता, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरवत.